गेमिंग पीसीसाठी आय५ १४४००एफ घ्यावा की रायझन ५ ७६००? गाव खेडं, बजेट ७५ हजार

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुसदजवळच्या गावात राहता. १०८०पी, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घरात आहे, बाकी सगळं ७५ हजारांत बसवायचं आहे. खेळायचं व्हॅलोरंट आणि जीटीए ५, जमलंच तर सायबरपंक. आणि मित्र सांगतात की एएमडी गरम होतं, आपल्याकडच्या उन्हात टिकणार नाही.

भाऊ, आधी उत्तर सांगून टाकतो. एएमडीचा रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर घ्या. रॅमच्या भावामुळे तो बजेटात बसतच नसेल, तर इंटेलच्या आय५ १४४००एफवर अडकू नका. आणखी खाली उतरून इंटेलचाच जुना १२४००एफ घ्या आणि वाचलेले पैसे खेळाचं चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डात घाला. मी काही रिव्ह्यू करणारा माणूस नाही. दारव्ह्याकडे एका गावात झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, आणि गावातल्या, नात्यातल्या पोट्ट्यांचे सात-आठ पीसी आजवर जोडून दिले आहेत. त्यात जे पोळलं तेच सांगतो.

'एएमडी गरम होतं' ही गोष्ट खोटी नाही, जुनी आहे. २०११ मध्ये एएमडीचे एफएक्स प्रोसेसर आले, ते खरंच शेगडी होते. त्यातला ९५९० तर २२० वॅटचा होता. ज्यांच्या काकाकडे तो जमाना होता त्यांच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. २०१७ ला रायझन आला आणि चित्र बदललं, पण पारावरची माहिती बदलायला वेळ लागतो. आज तुमच्या दोन नावांत बघा. दोन्हींच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं. पण ७६०० जोर लावून जास्तीत जास्त ८८ वॅटपर्यंत जातो, आणि १४४००एफची कमाल मर्यादा इंटेलनंच १४८ वॅट सांगितली आहे. खेळताना दोन्ही याच्या बरेच खाली राहतात, त्यामुळे विजेच्या बिलात फार फरक पडेल असं समजू नका. पण नवतप्यात, टिनाखालच्या खोलीत दुपारी चाळीस अंश असतात तेव्हा प्रोसेसरचा आकडा त्या चाळिसाच्या वर चढतो, पुण्या-मुंबईच्या व्हिडिओतल्या एसी खोलीच्या पंचवीसवर नाही. युट्यूबवर ६५ अंश दिसला तर आपल्याकडे मे महिन्यात ऐंशी धरून चला. त्यानं चिप मरत नाही, ७६०० ची मर्यादा ९५ ची आहे. फक्त पंखा बोंबलतो. खोक्यातला कूलर चालतो, पण हजार-दीड हजार जास्तीचे घालून एक उभा टॉवर कूलर लावला तर जीव शांत राहतो. तुमचाही.

आता खेळाचं. दोघांतही मोठे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, सहाच. १४४००एफ मध्ये चार छोटे कोअर जास्तीचे आहेत, दुकानदार 'दहा कोअर, दहा कोअर' म्हणून तेच विकतो. व्हिडिओ एडिटिंगला ते कामाचे, खेळाला जवळजवळ नाहीत. खेळाला लागतो एका-एका कोअरचा वेग आणि कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी. ७६०० मध्ये एल३ कॅश ३२ एमबी आणि वेग ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत, १४४००एफमध्ये २० एमबी आणि ४.७. व्हॅलोरंटसारख्या खेळात हा फरक पडद्यावर दिसतो, सायबरपंकमध्ये दिसणारच नाही.

असं का, तर कापसातली सरकी काढणारं जिनिंग डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर म्हणजे कापसाच्या गाड्या, ग्राफिक्स कार्ड म्हणजे जिन. सायबरपंकमध्ये प्रत्येक गाडीतला कापूस इतका की जिनच कमी पडतं, गाड्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या. तिथे गाड्या कितीही वाढवा, गाठी तेवढ्याच निघणार. व्हॅलोरंट मात्र हलका, जिन भराभर रिकामं होतं आणि 'आण, आण' म्हणून ओरडतं. तिथे गाड्या जोरात पळाव्या लागतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर व्हॅलोरंट खेळणाऱ्यानं म्हणूनच प्रोसेसरचा विचार करायचा. साध्या ६० हर्ट्झवर फक्त कथेचे खेळ खेळणाऱ्यानं या वादात पडूच नये, १२४००एफ किंवा जुना रायझन ५ ५६०० उचलावा आणि बाकी सगळा पैसा जिनात ओतावा.

पण माझा खरा मुद्दा वेगाचा नाहीच. तो त्या 'एफ' अक्षराचा आहे.

इंटेलच्या नावात शेवटी एफ असला की त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. कार्ड काढलं की पडदा काळा. ७६०० मध्ये एक छोटंसं ग्राफिक्स आतच आहे. त्यावर खेळ चालत नाहीत, पण विंडोज उघडतं, फॉर्म भरता येतो, पिक्चर बघता येतो. शहरातले लोक याला हसतात. कार्ड बिघडलं तर दुकान दोन गल्ल्या पलीकडे असतं त्यांचं.

माझ्याकडे २०२३ ला रायझन ५ ५६०० होता. प्रोसेसर चांगला, पण त्यातही आतलं ग्राफिक्स नाही. त्याच वर्षी एक रुपयात पीकविमा सुरू झालेला, ३१ जुलै शेवटची तारीख, दुकानासमोर सकाळी सातपासून लोक सातबारा हातात घेऊन उभे. एका संध्याकाळी डीपीवरचा न्यूट्रल तुटला. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांना सांगतो: आधी घरातला बल्ब पांढराफटक होतो, पंखा विमानासारखा फिरायला लागतो, आणि तुम्ही मेन स्विचकडे पळेपर्यंत जे जायचं ते गेलेलं असतं. माझ्या एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यातून, 'फट्' असा आवाज आला आणि जळक्या वार्निशचा वास. एसएमपीएस गेला, जाताना ग्राफिक्स कार्डाला सोबत घेऊन गेला. प्रोसेसर, बोर्ड, रॅम सगळं धडधाकट. दुसरा एसएमपीएस यवतमाळहून दुसऱ्या दिवशी आला. पण पडदा काळाच, कारण चित्र काढायला आत कोणीच नाही. जिथून कार्ड घेतलं तिथल्या माणसानं मागच्या बाजूचा एक काळा ठिपका बोटानं दाखवला आणि म्हणाला, जळालेल्याला वॉरंटी नसते. झालं. चार दिवस मी मोबाईलवर फॉर्म भरत बसलो, मग एका मित्रानं अडगळीतलं जीटी ७१० हे जुनं कार्ड दिलं, त्यावर हंगाम निघाला. ७६०० असता तर मॉनिटरची केबल कार्डातून काढून बोर्डात खोचली असती, एवढंच काम होतं.

म्हणून ७६०० चाच स्वस्तातला भाऊ ७५००एफ कोणी दाखवला तर तोही आपल्या कामाचा नाही. तिथेही एफ आहेच.

पुढची गोष्ट सॉकेटची, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेची. १४४००एफ ज्या एलजीए १७०० वर बसतो त्यावर १२वी, १३वी, १४वी अशा तीन पिढ्या आल्या आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेल नव्या सॉकेटवर गेलं. म्हणजे तो बोर्ड आता आपल्या शकुंतला रेल्वेच्या रुळासारखा: रूळ जागेवर आहे, गाडी यायची नाही. ७६०० च्या एएम५ वर एएमडीनं २०२७ पर्यंत आणि पुढेही नवे प्रोसेसर देण्याचं सांगितलं आहे. तीन-चार वर्षांनी तूर चांगली पिकली तर तोच बोर्ड ठेवून ७८००एक्स३डी सारखा ९६ एमबी कॅशवाला प्रोसेसर टाकता येतो, बाकी कशाला हात लावायची गरज नाही. इथे मी एकाच पीसीचा विचार करत नाही. खेड्यात पीसी एकदा आला की तो आधी दादाचा, मग धाकट्याचा, मग दुकानाचा होतो. दहा वर्षं धरून चालतो आपण.

इंटेलवाल्यांना राग यायला नको म्हणून एक सांगतो. १३व्या-१४व्या पिढीचे प्रोसेसर खराब होतात असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण वरच्या चिपांचं. जास्त व्होल्टेजमुळे आय९, आय७ आणि आय५ मधले ६००के वाले अस्थिर होत होते. २०२४ मध्ये इंटेलनं बायोसमधून, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमधून, त्यावर दुरुस्ती दिली आणि त्या चिपांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १४४००एफ त्या यादीत नाही. तेवढ्या भीतीपोटी तो टाळू नका, टाळायला वरची कारणं पुरे आहेत.

७६०० चं दुखणं एकच, त्याला नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते. २०२५ च्या शेवटाला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव दिवाळीच्या सोन्यासारखे चढले. डीडीआर४ पण मागे राहिली नाही, पण ती जुन्यात मिळते, ओळखीत मिळते. इंटेलच्या १२४००एफला बी७६० किंवा एच६१० चा डीडीआर४ वाला बोर्ड घेता येतो. म्हणून म्हटलं, ज्या दिवशी खरेदीला जाल त्या दिवशी आधी १६ जीबी डीडीआर५ चा भाव विचारा, मग प्रोसेसर ठरवा. रॅमपायी ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० वरून खाली घसरत असेल, तर मुकाट्यानं १२४००एफ. त्याच्या आणि १४४००एफच्या खेळातल्या फरकासाठी जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. हो, एफ तिथेही आहे, मला माहीत आहे. मग एखादं जुनं जीटी ७१० शोधून कपाटात ठेवा.

एएम५ ची एक खोड आधीच सांगून ठेवतो. पहिल्यांदा चालू केल्यावर रॅम तपासायला तो दोन-चार मिनिटं घेतो, तेवढा वेळ पडदा पूर्ण काळा. पंखे फिरतात, चित्र नाही. आमच्या गावच्या एकानं हे बघून तीन वेळा बटण दाबून बंद-चालू केला, दर वेळी तपासणी पहिल्यापासून, आणि मग रडवेल्या तोंडानं कॅबिनेट मोटारसायकलवर बांधून माझ्याकडे घेऊन आला. मी बटण दाबलं आणि त्याला चहा आणायला पाठवलं. चहा यायच्या आत पडद्यावर विंडोज आलं होतं.

आता तुमच्या मित्रांच्या उन्हाकडे परत येऊ. ऊन प्रोसेसर मारत नाही, कापूस मारतो. भाव वाढेल म्हणून बाजूच्या खोलीत कापूस भरून ठेवता की नाही तुम्हीही? एका मावसभावाचा पीसी फेब्रुवारीत आपोआप बंद पडायला लागला. उघडला तर कूलरच्या पत्र्यांवर बोटभर जाडीची पांढरी गादी, पंख्याच्या आसाला तंतू गुंडाळलेले. चिमट्यानं धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली, गोधडीच्या अस्तरासारखी. त्यानं घरी सांगितलं होतं की प्रोसेसर गरम होतो, बदलावा लागेल. जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, दर महिन्याला ती जाळी झटका, आणि हवेचा कूलर पीसीच्या तोंडावर लावू नका. आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार त्या वाऱ्यासोबत आत जातो.

आणि एसएमपीएसमध्ये पैसे वाचवू नका. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ पुरतो. ४०६० कार्ड स्वतः ११५ वॅटचंच आहे. त्यामागे सहाशे व्हीएचा छोटा यूपीएस लावून खेळायला बसू नका, तो साडेतीनशे वॅटच्या आसपासच देतो. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा आणि त्याच्यावर मागे किंवा समोर एक छोटं बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल असं लिहिलेलं. ते यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर असलं की लाईन जाताना पीसी बंद पडतो आणि लोक शिव्या एसएमपीएसला देतात. यूपीएसवर ठेवल्यानं व्होल्टेज थोडं खाली गेलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, संध्याकाळी शेजारच्या मोटरी सुरू झाल्या की वारंवार जाईल, ते चालवून घ्या. अर्थिंग नसेल तर आधी ते. खड्डा, कोळसा, मीठ, पट्टी, एका दुपारचं काम आहे.

सीताबर्डीला किंवा अकोल्याला खरेदीला गेलात तर जोडून, चालू करून, बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव दाखवूनच पैसे द्या. इंटेल घेतला तर हे जास्तच बघा, कारण जुन्या साठ्यातला बोर्ड १४व्या पिढीला बायोस बदलल्याशिवाय ओळखत नाही. आणि एसटीनं परत येणार असाल तर ग्राफिक्स कार्ड बोर्डातून काढून त्याच्या खोक्यात घाला, कॅबिनेट वर रॅकवर न ठेवता खाली पायाशी उभं धरा. कार्ड मांडीवर.