युनिट टेस्टचे काम आणि डेव्हलपर होण्याची इच्छा

प्रिय विद्यार्थिनी,

संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये तुम्हाला जावा प्रकल्पाच्या युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक छोटा भाग तपासणाऱ्या चाचण्या, लिहायला दिल्या आहेत. जेयुनिट 5 या जावाच्या चाचणी साधनातील पॅरामीटराइज्ड टेस्टला, म्हणजे वेगवेगळ्या किमती घेऊन पुन्हा पुन्हा चालणाऱ्या एकाच टेस्टला, 'व्हॅल्यूसोर्स'मधून आकडे देता येतात, पण अख्खा ऑब्जेक्ट (अनेक माहिती एकत्र बाळगणारा घटक) देता येत नाही, म्हणून काम अडले आहे. शिवाय याच कामाचा शिक्का बसला तर डेव्हलपर होता येणार नाही, अशी भीती तुम्ही कळवली आहे. ही भीती मनातून काढून टाका, कारण युनिट टेस्ट हे डेव्हलपरचेच काम आहे आणि ते नीट करणारे उमेदवार मला फार थोडे भेटतात.

आधी अडचण पाहू. 'व्हॅल्यूसोर्स' हे ॲनोटेशन, म्हणजे कोडला जोडलेली सूचना, आहे आणि जावामध्ये ॲनोटेशनला कंपाइल होतानाच ठरलेल्या किमती लागतात; त्यामुळे आकडे, स्ट्रिंग, क्लास चालतात, पण 'न्यू' वापरून तयार केलेला ऑब्जेक्ट चालत नाही. त्यासाठी 'मेथडसोर्स' वापरावे. एका स्टॅटिक मेथडमधून (ऑब्जेक्ट न बनवता चालणाऱ्या फंक्शनमधून) 'आर्ग्युमेंट्स'ची स्ट्रीम, म्हणजे एकामागून एक येणारे चाचणीचे संच, परत करायची आणि प्रत्येक संचात ऑब्जेक्ट व अपेक्षित उत्तर एकत्र ठेवायचे. एवढा भाग एका दुपारी येतो.

खरी कसोटी संच निवडण्यात आहे. एसटीच्या सवलतीचे उदाहरण घ्या. महिलांना निम्मे भाडे, 65 ते 75 वयोगटातील ज्येष्ठांना निम्मे, आणि 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास. प्रवाशाच्या ऑब्जेक्टमध्ये वय आणि लिंग असेल, तर मूळ भाडे 200 रुपये धरून 64 वर्षांच्या पुरुषाला 200, 65 व्या वर्षी 100, 74 व्या वर्षी 100 आणि 75 पूर्ण झाल्यावर शून्य, हे चार संच सीमेवरचे झाले. पण 68 वर्षांच्या महिलेचे काय? दोन्ही सवलती एकापाठोपाठ एक लागू करणारा कोड 50 रुपये सांगेल, अपेक्षित उत्तर मात्र 100 आहे. ही चूक वय आणि लिंग एकत्र असलेला ऑब्जेक्ट दिल्याशिवाय उघडकीस येतच नाही, आणि असा संच ज्याला सुचतो त्याला नियम समजलेला असतो.

अपेक्षित उत्तर नेहमी हाताने लिहा; मूळ कोडचेच सूत्र टेस्टमध्ये पुन्हा वापरले, तर चूक दोन्हीकडे सारखीच राहते आणि टेस्ट हिरवी, म्हणजे पास झालेली, दिसते. प्रत्येक संचासाठी नवा ऑब्जेक्ट तयार करा, कारण सामायिक ऑब्जेक्टमध्ये एका संचाने केलेला बदल पुढच्या संचात शिरतो. ऑब्जेक्टमध्ये पंधरा-वीस फील्ड असतील, तर बिल्डर (ऑब्जेक्ट टप्प्याटप्प्याने तयार करून देणारा क्लास) लिहून बाकीच्या फील्डना साध्या किमती द्या, म्हणजे त्या संचात नेमके काय वेगळे आहे ते वाचणाऱ्याला लगेच दिसेल. प्रत्येक संचाला जेयुनिटमधील 'नेम्ड' वापरून 'ज्येष्ठ महिला, वय 68' असे नाव दिल्यास, टेस्ट फसल्यावर कोणाचे भाडे चुकले ते शोधत बसावे लागत नाही. टेस्टच्या आत 'इफ' लिहावेसे वाटू लागले, की बहुधा तिचे दोन भाग करण्याची वेळ आलेली असते.

बायोडाटामध्ये नुसते 'जेयुनिट येते' असे लिहू नका. एसटी भाड्यासारखा छोटा प्रकल्प टेस्टसह गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवा, त्याचा दुवा द्या आणि मुलाखतीत 68 वर्षांच्या महिलेचा संच का घेतला, ते सविस्तर सांगा.