कल्हई, जिल्हा आणि रंगीत पत्रा

विचारणा अशी आहे: 'आमचा छपराच्या पत्र्यांचा व्यवसाय आहे. माहितीपत्रक मराठीत काढायचं आहे. कॉइल कोटिंगला मराठीत काय म्हणावं? एकाने "वेटोळे-विलेपन" सुचवलं, दुसऱ्याने "रंगीत कल्हई". रंगांचे प्रकार सांगताना "रोगण" हा शब्द चालेल का?'

'वेटोळे-विलेपन' छापू नका. कारखान्यात कॉइलला, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीला, कॉइलच म्हणतात आणि छपरं घालणारी माणसं 'रंगीत पत्रा' किंवा 'कलर कोटेड पत्रा' म्हणतात. 'कॉइल कोटिंग केलेला रंगीत जस्ती पत्रा' असं लिहा. गिऱ्हाइकाला कळेल आणि चूकही काही नाही. 'पत्रा' कुठून आला हे 'पत्र' म्हणजे पान माहीत असलेल्याला सांगायला नको.

'रंगीत कल्हई' मात्र कृपा करून नको. धातूवर काहीही चकचकीत दिसलं की त्याला कल्हई म्हणायची सवय फार वाढली आहे. जस्ती पत्रा दाखवून 'हा कल्हईचा पत्रा' असं सांगणारे दुकानदार मी सतत ऐकतो. कल्हई म्हणजे कथील, दुसरं काही नाही. पितळेचं पातेलं तापवायचं, नवसागर टाकून पृष्ठभाग साफ करायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील पसरवायचं, ही कल्हई. तिच्यात तापलेल्या धातूवर वितळलेला धातू चढतो आणि दोघे एकमेकांत थोडे मुरतात. सुटे लोखंडी भाग जस्तात बुडवण्याआधी ज्या द्रावणातून काढतात त्यातही बहुधा नवसागर असतो. कदाचित त्या ओळखीच्या वासामुळेच लोकांची गल्लत होत असेल. पण कढईत जस्त असतं, साधारण 450 अंशांवर, आणि त्यातून निघालेला पत्रा जस्ती.

कॉइल कोटिंगची रीत तर याच्या बरोबर उलट. तिथे गुंडाळी उलगडून पत्रा धुतात, रंग धरावा म्हणून त्यावर रसायनाचा पातळ थर देतात आणि मग गार पत्र्यावर ओला रंग लावतात. रंगाच्या ताटात अर्धवट बुडालेला रूळ रंग उचलतो, शेजारच्या रबरी रुळाला देतो आणि तो रूळ धावत्या पत्र्यावर लावतो. आधी प्रायमर म्हणजे खालचा पहिला थर, मग भट्टी. वरचा रंग, पुन्हा भट्टी. शेवटी पाण्याने गार करून परत गुंडाळी. भट्टीत पत्रा एक मिनिटही नसतो, पण तेवढ्यात तो साधारण 215 ते 240 अंशांपर्यंत तापतो. कथील 232 अंशांना वितळतं. म्हणजे खरोखरच कल्हईवर हा रंग भाजायला घेतला तर खालची कल्हई पाघळायच्या बेताला येईल. 'रंगीत कल्हई' हा शब्द भट्टीतच टिकत नाही.

ही गल्लत गिऱ्हाइकाच्या खिशालाही बाधते. खरा कल्हईचा पत्रा आजही बनतो, त्याचे खाद्यपदार्थांचे डबे होतात. त्या डब्यावर ओरखडा खोल गेला की तिथलं लोखंड जास्तच वेगाने गंजतं, कारण कथील लोखंडासाठी स्वतः झिजत नाही. जस्त झिजतं. जस्ती पत्रा खरवडला तरी कडेचं जस्त आधी गंजतं आणि लोखंड काही काळ वाचतं. छपरावर रंगाखाली जस्त का लागतं, याचं उत्तर या फरकात आहे.

आता या शब्दातल्या खऱ्या मौजेकडे येतो. अरबीत कथलाला 'रसास कलई' म्हणत, आणि हा 'कलई' कुठला यावर दोन मतं आहेत. जुने अरबी लेखक तो कला नावाच्या ठिकाणाशी किंवा तिथल्या किल्ल्याशी जोडतात, कारण अरबीत किल्ल्याला 'कलआ' म्हणतात. दुसरं मत 'कलह' या बंदराचं. अरब दर्यावर्दी मलायाच्या किनाऱ्यावरच्या या बंदराचं नाव घेतात, कथलाच्या खाणी तिथल्याच सांगतात, आणि आजचं केदाह म्हणजे तेच असं बरेच जण मानतात. 1886 साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात यूल आणि बर्नेल या जोडीने हे दुसरं मत नोंदवलं, पण अरबी लिपीत 'कलई' आणि 'कलह' यांची पहिली आणि शेवटची अक्षरं जुळत नाहीत म्हणून 'निदान शक्य वाटतं' एवढ्यावर सोडून दिलं. ही भीड अनाठायी आहे. परकं गावनाव जिभेवर आलं की ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसतं, आणि अरबाच्या ओळखीचा साचा म्हणजे 'कलआ'. दहाव्या शतकातला अरब प्रवासी अबू दुलफ कलहबद्दल लिहितो की तिथे मोठा किल्ला आहे आणि कलई धातूची खाण त्या किल्ल्यातच आहे. म्हणजे हा सांधा त्याच्या आधीच जुळलेला होता! धातू मलायाचा, नाव त्याच्या बंदराचं, अक्षरं किल्ल्याची. पोर्तुगीजांनी त्याचंच 'कलाइं' केलं, आणि इंडोनेशियात पत्र्याच्या डब्याला आजही 'कालेंग' म्हणतात.

पण मला याहून महत्त्वाचा वाटतो तो मराठीतला ह. हिंदी कलई, उर्दू कलई, आणि मराठी कल्हई. हा ह आला कुठून? शब्दापुढे 'अरबी' अशी खूण करून थांबणं मला पटत नाही. मूळ अरबी शब्दात ल-नंतर 'ऐन' हे घशातलं अक्षर आहे. तसंच ते 'झिलअ' या शब्दातही ल-नंतर आहे, आणि त्याचं मराठीत झालं जिल्हा. हिंदीत जिला, गुजरातीत जिल्लो, कन्नडमध्ये जिल्ले. या चौघींत ह फक्त आपल्याकडे. जिला–जिल्हा, कलई–कल्हई ही जोडी योगायोगाने जमत नाही. ल-पाठोपाठ आलेलं ऐन मराठीने ह करून ठेवलं, कारण कोल्हा, पाल्हाळ या शब्दांमुळे ल्ह आपल्या तोंडात आधीपासून रुळलेला होता. नफा, जमा, दफा यांतही ऐन होतं, पण फ आणि म यांच्यामागे ते लोपलं.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे: मराठीला ल-नंतर उगीचच ह लावायची खोड आहे, ऐनाचा काही संबंध नाही. तसं असतं तर गल्ल्याचा गल्हा झाला असता, मोहल्ल्याचा मोहल्हा. झाला नाही, कारण तिथे ऐन नव्हतं. सल्ला हा शब्दही पुढे करतात, की त्यात मुळात ह होता तरी गेला. 'सलाह' मधला ह ल-ला चिकटलेला नाही, मध्ये दीर्घ आ आहे, त्यामुळे तो दाखला इथे लागूच होत नाही. खरी अडचण एकच, किल्ला. तोही ऐनवाला शब्द, मग किल्हा का नाही? माझ्या मते तो दख्खनी बोलीतून आला आणि तिथे ऐन आधीच गळलेलं होतं; आपल्या कानावर पडला तो 'किला', त्याचा ल आपण दुहेरी केला. जिल्हा हा दप्तरातला शब्द, कारकुनाने कागदावर ऐन पाहून लिहिलेला. कल्हई दप्तरातली नाही हे खरं, पण तिच्यात ऐनापाठोपाठ ई आहे आणि दोन स्वरांच्या सांध्यावर ह टिकायला जागा मिळते. याहून चांगलं स्पष्टीकरण कुणी दिलं तर मी आनंदाने वाचेन; 'उच्चारभेद' एवढंच म्हणणं मात्र स्पष्टीकरण नव्हे.

जाता जाता कथील: संस्कृत कस्तीर, त्याचं नातं ग्रीक कस्सीतेरोसशी. एकाच धातूची दोन नावं, एक पश्चिमेच्या समुद्राकडचं, दुसरं पूर्वेच्या.

राहिलं रोगण. फारसीत 'रौगन' म्हणजे तेल, तूप, कोणताही स्निग्ध पदार्थ. कच्छमधल्या निरोणा गावची रोगन चित्रकारी एरंडेल तेल कढवून होते. जवसाच्या तेलातला दाराचा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, त्यालाही हा शब्द शोभतो. अल्किड या कृत्रिम रेझिनच्या, म्हणजे थर धरून ठेवणाऱ्या राळेच्या, रंगातही तेलाचा अंश असतो. पण छपराच्या पत्र्यावरचं नेहमीचं पॉलिएस्टर म्हणजे तेल वगळलेलं अल्किडच, त्याला धंद्यात 'ऑइल-फ्री अल्किड' असंही नाव आहे. ते हवेने वाळत नाही, भट्टीत मेलामाइन या दुसऱ्या रेझिनशी जुळून कडक होतं. तेलच नाही, तर रोगण कसलं? सिलिकॉन-मॉडिफाइड पॉलिएस्टर त्याचाच उन्हाला जास्त टिकणारा भाऊ. पीव्हीडीएफ रंगातल्या रेझिनपैकी बहुधा 70 टक्के फ्लोरिनचं असतं. कार्बन-फ्लोरिनचा बंध ऊन सहज तोडू शकत नाही, म्हणून रंगावर खडूसारखी भुकटी उशिरा येते. प्लॅस्टिसॉल हे पीव्हीसी, 100 ते 200 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, चामड्यासारखी नक्षी उठवता येणारं. ही नावं पत्रकात अशीच देवनागरीत द्या आणि पुढे 'रंग' हा शब्द लावा. जाडीही लिहा, प्रायमरची वेगळी आणि वरच्या थराची वेगळी. साध्या पॉलिएस्टरला ती बहुधा 5 आणि 20 मायक्रॉन असते. जस्ताच्या थराचा आकडा मात्र चौरस मीटरला ग्रॅममध्ये असतो आणि तो दोन्ही बाजू मिळून धरलेला असतो, हेही कंसात नव्हे, ठळक अक्षरांत छापा.