हॅमस्टरच्या पिंजऱ्याजवळ उंदीर फिरतोय?
पिंजऱ्याशेजारी लेंड्या दिसल्या म्हणतोस, तर आधी गजांमधलं अंतर बघ. पेन्सिल जाईल एवढी, म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटरची फट उंदराच्या पिल्लाला पुरते. बारीक जाळीचं झाकण असलेली काचेची टाकी केव्हाही बरी.

विष अजिबात ठेवू नकोस. उंदीर त्याचे खडे उचलून कुठेही नेऊन टाकतात, आणि हॅमस्टर तर मिळेल ते गालात कोंबतो! दाणे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेव. प्लास्टिक कुरतडलं जातं. हॅमस्टरने कोपऱ्यात दडवलेला दाण्यांचा साठाही बघत जा, उंदीर त्याच वासावर येतात.

लेंड्या कोरड्या झाडू नकोस. हातमोजे घाल, जंतुनाशकाने ओल्या कर, मग पूस. उंदरांच्या मुतातून एलसीएमव्ही नावाचा विषाणू हॅमस्टरला आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. घरात कुणी गरोदर असेल तर जास्तच जप.