लिक्विड बायोप्सी म्हणजे 'द्रव ऊतिपरीक्षा'? नाही!

प्रश्न असा आलाय: आईचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, डॉक्टर आता लिक्विड बायोप्सी करून घ्या म्हणतात, एका लेखात तिला 'द्रव ऊतिपरीक्षा' म्हटलंय, हा शब्द बरोबर का?

साफ चूक आहे, आणि सारखा वाचून वैताग आलाय. साधी बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, ज्यांच्या घरात हा आजार शिरलाय त्यांना ते पाठ असतं. पण लिक्विड बायोप्सीत ऊती, म्हणजे टिश्यू, एकसारख्या पेशींचा समूह, तपासतच नाहीत! हाताच्या शिरेतून रक्त घेतात, पेशी वेगळ्या काढतात आणि उरलेल्या प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ द्रवात, गाठीच्या मेलेल्या पेशींमधून सुटलेले डीएनएचे तुकडे शोधतात. आता कोणीतरी म्हणणारच की रक्त हीसुद्धा ऊतीच, शाळेच्या पुस्तकात आहे. असेल ना, पण इथे शोध रक्ताचा नाही, रक्तात आलेल्या परक्या तुकड्यांचा आहे, तेव्हा तो बचाव चालणार नाही.

खरी गंमत मूळ शब्दात आहे. १८७९ मध्ये पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्त बेनिए यांनी तो घडवला, ग्रीक बिओस म्हणजे जीवन आणि ऑप्सिस म्हणजे पाहणं. त्यात ऊती कुठाय? त्यामुळे पुढे 'लिक्विड' लावलं तरी इंग्रजीवाल्यांचं काही बिघडत नाही, आपण मात्र मराठी करताना ऊती घुसवली आणि अडकलो.

तरी 'ऊती' हा शब्द मला फार म्हणजे फार आवडतो. संस्कृत 'वे' धातू म्हणजे विणणं, त्याचं 'ऊत' म्हणजे विणलेलं, आपल्या 'ओतप्रोत'मधले ओत आणि प्रोत दोन्ही त्याच घरातले, उभे-आडवे धागे. फ्रेंच 'तिस्यू' म्हणजेही विणलेलं कापड आणि हिस्टॉलॉजी म्हणजे ऊतींच्या अभ्यासाच्या नावातलं ग्रीक 'हिस्तोस' म्हणजे चक्क विणकराचा माग! ज्याने कोणी टिश्यूला ऊती म्हटलं त्याने हे सगळं बघूनच म्हटलं असणार, माझी खात्री आहे. काही जण ही ऊती 'अव्' म्हणजे रक्षण करणं या धातूवरून आली म्हणून सांगतात, तो वेदातला वेगळा शब्द आहे हो, इथे त्याचं काय काम.

म्हणून मी 'रक्तातला डीएनए-माग' म्हणतो. माग काढणं हेच तर त्या टेस्टचं काम, आणि माग म्हणजे विणायचा मागही, दुसरा शब्द सुचवायची मला गरज वाटत नाही. हे तुकडे रक्तात काही तासच टिकतात, त्यामुळे रिपोर्टमध्ये दिसतं ते रक्त घेतलं त्या वेळचं चित्र, महिन्यांपूर्वीचं नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक नावाच्या ट्रायलमध्ये दुसऱ्या स्टेजच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ४५५ पेशंट होते, ऑपरेशननंतर हा माग बघून केमो ठरवली तर १५ टक्के लोकांना ती दिली गेली, नेहमीच्या पद्धतीने २८ टक्के, आणि दोन वर्षांनी कॅन्सर न उलटता जगणारे ९३.५ आणि ९२.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. कितीतरी लोकांची केमो वाचली!

पण 'निगेटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर गेला' हे जे सगळीकडे ऐकू येतं ते थांबवा. छोटी गाठ, मेंदूतली गाठ रक्तात फार कमी डीएनए सोडते, माग लागला नाही म्हणजे चोर नाही असं होत नाही. आणि बायोप्सी हे नाव ऐकून 'आता तुकडा काढायलाच नको' असं समजू नका, पहिलं निदान बहुतेक वेळा अजूनही गाठीच्या तुकड्यावरच होतं. आईच्या बाबतीत डॉक्टरांना सरळ विचारा, ही टेस्ट केमो द्यायची की नाही ते ठरवायला आहे की पुढे लक्ष ठेवायला, आणि स्कॅन चालू ठेवायचे ना.