दुसरीच्या दुसऱ्या सत्रात नेमकं काय शिकवतात? महिनाभर शाळा बुडाली तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की मुलगी दुसरीत आहे, मराठी माध्यम, राज्य मंडळ. दिवाळीनंतर काय काय शिकवतील आणि जानेवारीत महिनाभर दुबईला दिरांकडे गेलात तर काय बुडेल. शेवटी लिहिलंय, "दुसरीतच तर आहे, असं काय बुडणार?" या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. हे वाक्य मी आमच्या जुन्या मुख्याध्यापकांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलंय आणि ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

आधी तुमचं उत्तर. मराठीत जोडाक्षरं पक्की होतात आणि मूल अक्षरं जुळवत वाचायचं सोडून वाक्य एका दमात वाचायला लागतं. इंग्रजीत अजून बरंचसं तोंडीच असतं. परिसर अभ्यास तिसरीपासून, त्याची काळजी नको. गणितात हातच्याची बेरीज-वजाबाकी, पाढे आणि गुणाकाराची सुरुवात, नाणी-नोटा, घड्याळ, कॅलेंडर, मापन. 2021 साली केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, त्यात दुसरीच्या अखेरीस मुलाला काय यावं हे ठरवून दिलंय: मिनिटाला 45 ते 60 शब्द अर्थ समजून वाचणं, 999 पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं आणि 99 पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी. यादी एवढीच. पण यादीतल्या सगळ्या गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत, आणि वाद तिथेच आहे.

आमच्या गावातून दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातं, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, आणि लेकरं बरोबर. साखर कारखाना बंद होतो मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा माणसं परत येतात. म्हणजे या मुलांचं दरवर्षी नेमकं दुसरं सत्र जातं. पहिलीचं जातं, दुसरीचं जातं, तिसरीचंही जातं. जाताना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, तिकडच्या जवळच्या शाळेत बसता यावं म्हणून. पण राहायची कोपी उसाच्या फडाजवळ आणि शाळा कुठेतरी लांब, त्यात धाकटी भावंडं सांभाळायला कुणीतरी लागतंच.

एका वर्षी मला चौथीचा वर्ग मिळाला. त्यात एक मुलगी होती, वर्गातल्या हुशार पोरींपैकी. एप्रिलमध्ये परत आली तेव्हा मी तिला 50 मधून 17 वजा करायला सांगितले. तिने पाटीवर उभी मांडणी केली आणि उत्तर लिहिलं 47. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य काढलं. मी पाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, "पन्नासची नोट दुकानदाराला दिली, सतरा रुपयांचं तेल-मीठ घेतलं, परत किती घेशील?" "तेहेतीस," एका क्षणात. तिकडे ती आईच्या वाट्याचे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायची, पैशाचा हिशेब तिच्याकडेच असायचा. डोक्यात वजाबाकी होती, पाटीवर नव्हती. मग मी वर्गातली बाकीची परत आलेली मुलं तपासली. बहुतेकांची चूक तीच होती. आणि जी मुलं गावात आजीकडे राहून हंगामी वसतिगृहात जेवायची, शाळेत यायची, त्यांचं उत्तर 33 येत होतं.

कारण साधं आहे. पहिल्या सत्रात आम्ही दहा काड्यांचा गठ्ठा बांधायला शिकवतो: दहा सुट्ट्या झाल्या की एक दशक. दिवाळीनंतर तो गठ्ठा सोडायला शिकवतो: सुट्ट्या कमी पडल्या तर एक दशक मोडा. ही मुलं दरवर्षी बांधणं शिकून निघून जायची. सोडणं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पुढच्या वर्गात शिक्षक धरून चालतात की हे दुसरीत झालंय, आणि सरळ तीन अंकी उदाहरणं फळ्यावर घालतात.

त्या मुलीला मी खराट्याचे हीर, म्हणजे काड्या, दिले आणि म्हटलं, दहा-दहाच्या मोळ्या बांध. ती म्हणाली, "मोळीत धाच नसतेत बाई, लई असतेत." म्हटलं, ही आपली शाळेची मोळी, हिच्यात दहाच. पाच मोळ्या झाल्या. आता मला सतरा हीर दे. तिने एक मोळी दिली आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्या मोळीचं रबर काढलं, सात मोजून दिले आणि उरलेले तीन हातात धरून म्हणाली, "तीन मोळ्या आन् हे तीन." मग पाटीवर पाचाच्या डोक्यावर चार लिहायचे कशासाठी, हे सांगायला मला फारसं बोलावं लागलं नाही. त्याच आठवड्यात तिने तीन अंकी वजाबाक्याही केल्या.

हे मी मुख्याध्यापकांना दाखवलं आणि सुचवलं की दुसरीला हातच्याची वजाबाकी दिवाळीच्या आधी घेऊ, टोळ्या निघायच्या आत. घड्याळ, कॅलेंडर, मापन हे मागे ठेवू. ते म्हणाले, वार्षिक नियोजनात तसं नाही, आणि दुसरीत काय बुडतंय, चौथीत घेऊ भरून. चौथीत कुणीच भरून घेत नाही! चौथीत चौथीचं असतं. पुढे दुसरीचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा मी नियोजन तसंच बदललं आणि आजही तसंच घेते. दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या वर्गातलं प्रत्येक मूल गठ्ठा सोडून वजाबाकी करतं. घाई होते, हे खरं. पाढे थोडे मागे पडतात. पण पाढे नंतर कुठेही पाठ होतात, फडातसुद्धा. कुणी शिक्षक हे वाचत असतील आणि त्यांच्या गावातूनही मुलं स्थलांतर करत असतील, तर त्यांना माझं हेच सांगणं आहे: पुस्तकातला धड्यांचा क्रम मुलांच्या जाण्यायेण्यापेक्षा मोठा नाही.

आता तुमच्या मुलीचं. एका महिन्याने तिचं वर्ष वाया जाणार नाही. सहा महिने फडात राहणाऱ्या मुलीची आणि तिची गोष्ट एक नाही, हे मलाही कळतं. फक्त कोणता महिना जातोय ते बघा. वर्गशिक्षिकेला विचारा की हातच्याची वजाबाकी कधी घेणार आहेत. जानेवारीतच असेल तर निघण्याआधी तुम्ही घरी करून घ्या, आणि वहीवर नको, वस्तू हातात देऊन. आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरं पुरतात. "खालचा अंक मोठा असेल तर शेजारून एक उसना घे" हा मंत्र आधी शिकवू नका. मंत्र पाठ झालेलं मूल वीस उदाहरणं बरोबर सोडवतं आणि एकविसाव्याला वर शून्य आलं की अडकतं. घड्याळ आणि पैसे तिला प्रवासात आपोआप दिसतील, विमानाची वेळ तिलाच विचारा. वाचन मात्र रोज हवं. जोडाक्षरं नुकतीच आलेली असतात, महिनाभर डोळ्यांसमोर मराठी मजकूर नसेल तर मूल पुन्हा अडखळायला लागतं. गोष्टींची दोन पातळ पुस्तकं सामानात टाका.

गुणांची धास्ती घेऊ नका. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापन 70 टक्के आणि संकलित 30 टक्के धरतात, म्हणजे शेवटच्या परीक्षेपेक्षा वर्षभराच्या कामालाच जास्त महत्त्व आहे. शिक्षिकेशी आधी बोललात तर तिची तोंडी कामं, प्रकल्प आल्यावर करून घेता येतात.

हे सगळं राज्य मंडळाच्या मराठी शाळेपुरतं आहे. सीबीएसईच्या शाळेत क्रम वेगळा असतो. शिवाय आपल्याकडेही 2025-26 पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आलाय आणि बाकीच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने बदलतायत, त्यामुळे मोठ्या बहिणीचं किंवा शेजारच्या मुलाचं जुनं पुस्तक समोर ठेवून तयारी करू नका. शाळेने या वर्षी दिलेलं पुस्तकच बघा.