दंगा रोखणं पोलिसांचं काम, मग नाशिक महापालिकेने नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न असा: वस्तीवस्तीतला सलोखा टिकावा, तणाव वाढू नये यासाठी महापालिकेच्या हातात खरंच काही असतं का, की सगळं पोलीस आयुक्तालयावरच सोडायचं?

पालिकेच्या हातात पुष्कळ असतं. पोलिसांची गाडी येते तेव्हा गल्लीत माणसं आधीच जमलेली असतात, आणि ती जमतात बहुधा पालिकेच्याच अखत्यारीतल्या गोष्टीवरून. अतिक्रमणाची कारवाई, रस्त्यावरचा मंडप, रातोरात लागलेला फ्लेक्स, कुठल्या गल्लीत टँकर आधी गेला, असल्या गोष्टी. ‘त्यांना सवलत, आम्हाला बुलडोझर’ ही भावना एकदा बसली की मग कारण कोणतंही पुरतं.

म्हणून सगळ्यात आधी अतिक्रमण विभाग सुधारा. एप्रिल २०२५ मध्ये काठे गल्लीत धार्मिक बांधकामावरच्या कारवाईच्या वेळी दगडफेक झाली, हे सगळ्यांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात बांधकाम पाडण्याची पद्धत घालून दिली आहे. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि बांधकामावरही चिकटवायची, उत्तराला १५ दिवस द्यायचे, सुनावणी घेऊन तिचं इतिवृत्त ठेवायचं, अंतिम आदेशानंतर स्वतःहून काढून घ्यायला आणखी १५ दिवस द्यायचे, कारवाईचं चित्रीकरण करायचं. नोटीस निघाल्याचा ईमेल त्याच वेळी जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवा, म्हणजे मागची तारीख टाकण्याची सोय राहत नाही. सार्वजनिक रस्ता, फूटपाथ, नदीपात्र यांतल्या बांधकामांना हे संरक्षण नाही. पण माझं मत असं, की कायद्याने गरज नसली तरी धार्मिक बांधकामाच्या बाबतीत नोटीस, सुनावणी, चित्रीकरण हे टप्पे तरी पाळावेत. महिनाभर उशीर झाला तरी तो स्वस्त पडतो.

यात चूक कुठे होते? यादी तुकड्यातुकड्याने बाहेर येते. सहाही विभागांतली, सगळ्या धर्मांची, रस्त्यात येणारी बांधकामं एकाच यादीत, एकाच दिवशी, क्रमांकासह जाहीर झाली पाहिजेत, आणि कारवाईही त्याच क्रमाने झाली पाहिजे. मधलाच एखादा क्रमांक उचलला की तो का उचलला याचं उत्तर अफवाच देऊन टाकते. दुसरं म्हणजे दिवस आणि वेळ. सणाच्या आठवड्यात, शुक्रवारी किंवा मध्यरात्री पथक पाठवू नये. रात्री लोक आवाजाने जागे होतात, अर्धवट दिसलेलं मोबाइलवर टाकतात आणि तासाभरात चार गल्ल्या रस्त्यावर येतात.

आता मिरवणुका. विसर्जनाची मुख्य मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते. भद्रकाली, मेनरोड, रविवार कारंजा करत पंचवटीकडे उतरते. वाटेत जहांगीर मशीदही लागते. या मार्गाची पाहणी साधारण १० दिवस आधी पायी व्हायला हवी. बांधकाम, विद्युत आणि घनकचरा विभागाचे अभियंते, महावितरणचा माणूस, हद्दीतला पोलीस अधिकारी आणि मंडळांचे दोघे-तिघे, सगळे एकत्र. गाडीतून केलेली पाहणी काही कामाची नसते. लोंबणाऱ्या केबल मोजायच्या आणि सगळ्यात उंच देखाव्यापेक्षा किमान हातभर वर बांधून घ्यायच्या. देखावा केबलला अडकला की मिरवणूक थांबते, आणि ती नेमकी कुठल्या दारासमोर थांबते यावर पुढचं सगळं ठरतं. बंद पथदिवे लावायचे. खडीचे ढीग, सुटे पेव्हर ब्लॉक, पाडकामाच्या विटा आदल्या दिवशी उचलायच्या आणि मिरवणुकीच्या सकाळी पुन्हा एक फेरी मारायची. रस्त्यावर पडलेली वीट हीच दगडफेकीची सामग्री, बाहेरून कोणी ती आणावी लागत नाही. रंगपंचमीच्या रहाडी (रंग खेळायचे जुने हौद), ईद, आंबेडकर जयंती या सगळ्यांना कामांची हीच यादी लावा. एका समाजाच्या सणाला खड्डे बुजले आणि दुसऱ्याच्या सणाला राहिले, हे लोक बरोब्बर मोजतात.

शांतता समितीच्या बैठका सणाआधी होतातच. तेच चेहरे, तोच चहा, भाषणं, फोटो. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर पुढे मोहल्ला समित्यांचा प्रयोग झाला आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. तिथे पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांना बसवलं होतं, मर्म तेच. नाशिकमध्ये प्रभागनिहाय १२ ते १५ जणांची समिती करायची झाली तर मी आशा सेविका, बचत गटातल्या दोघी, रिक्षा स्टँडवरचा एक, एक दुकानदार, सफाई मुकादम आणि पाण्याचा व्हॉल्व्हमन घेईन. व्हॉल्व्हमनवर हसू नका. कुठल्या गल्लीत कुणाचं कुणाशी वाकडं आहे हे त्याला नगरसेवकाआधी कळतं. बैठक महिन्यातून एकदा, सण असो वा नसो. आणि मागच्या बैठकीतल्या तक्रारींचं काय झालं हे वाचल्याशिवाय पुढचा विषय घ्यायचा नाही. हे न केल्यास तिसऱ्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या राहतात. क्षेत्रसभेची, म्हणजे वस्तीतल्या मतदारांच्या सभेची, तरतूद तर महापालिका अधिनियमात २००९ पासून आहे, तिचा वापरच होत नाही.

फ्लेक्सबाबत नियम एकच ठेवा: विनापरवाना फलक, शुभेच्छा कुणाच्याही असोत, दिसल्यापासून २४ तासांत खाली. लाउडस्पीकरचंही तसंच. रात्री १० ते सकाळी ६ बंदी, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. वर्षातले सवलतीचे दिवस जास्तीत जास्त १५, तेही रात्री १२ पर्यंतच. ते कोणत्या सणांना दिले याची यादी विभागीय कार्यालयाच्या दारावर लावा.

आणि एवढं करूनही काही घडलंच, तर पहिल्या २४ तासांत पालिकेचं काम काच-विटा उचलणं, दिवे चालू करणं आणि पाणी वेळेवर सोडणं. घंटागाडी दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत एकाच सकाळी गेली पाहिजे. एका बाजूला ती दोन दिवस उशिरा पोचली, तर पुढच्या बैठकीत पहिली तक्रार तीच असते.