पतसंस्थेच्या सभासदांना बँकेसारखे रिवॉर्ड पॉइंट मिळतात का?

पॉइंट सहसा नसतात, पण नफ्यातला वाटा मिळतो, आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा. तुम्ही पतसंस्थेचे ग्राहक नाही, मालक आहात.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार निव्वळ नफ्यातला किमान एक चतुर्थांश भाग आधी राखीव निधीत जातो. उरलेल्यातून भागांवर (शेअर्सवर) लाभांश देता येतो. सहकार खात्याच्या निबंधकांच्या पूर्वमंजुरीशिवाय तो 15 टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. म्हणजे तुमचे 10,000 रुपयांचे भाग असतील आणि सभेने 10 टक्के मंजूर केले, तर वर्षाला 1,000 रुपये.

खऱ्या 'लॉयल्टी'शी मिळतीजुळती तरतूद मात्र वेगळीच आहे. संस्थेशी तुम्ही जितका व्यवहार करता त्या प्रमाणात बोनस देण्याची मुभाही याच कायद्यात आहे. काही संस्था नियमित हप्ते भरणाऱ्या कर्जदाराला व्याजात सूटही देतात. हे सगळं पोटनियम (संस्थेचे स्वतःचे नियम) आणि नफ्यावर अवलंबून, त्यामुळे पोटनियमांची प्रत मागून घ्याच.

एक गोष्ट जरूर तपासा: कर्ज घेताना तुम्हाला नाममात्र सभासद तर केलं नाही ना? नाममात्र सभासदाला नफ्यात काहीच वाटा नसतो, आणि हे अनेकांना फार उशिरा कळतं.